शिळेवरचे साल आणि लॉजचे साल

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

नाशिकमध्ये ‘लॉज’ म्हटले की पंचवटीतली खोली, गरम पाण्याची बादली आणि चेकआउटची वेळ डोळ्यांपुढे येते. त्यामुळे फ्रीमेसन (थोडक्यात ‘मेसन’) या जुन्या बंधुसंघाच्या लॉजवर दोन ओळी छापून आल्या की निम्मे वाचक गोंधळतात आणि उरलेले ‘गुप्त संघटना’ या शब्दापाशीच थबकतात. या गडबडीत स्थापनेच्या सालाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. छावणीच्या किंवा रेल्वेच्या गावातील जुन्या लॉजबद्दल लिहिताना बहुतेक जण इमारतीवरची कोनशिला वाचतात आणि तेच स्थापनेचे वर्ष म्हणून ठोकून देतात. मग शंभरी, सव्वाशेवी अशी गणिते त्यावरच होतात. ही पद्धत चुकीची का आहे, आणि बरोबर साल कसे काढायचे, एवढ्यासाठीच हे पत्र.

लॉज म्हणजे इमारत नव्हे. ग्रँड लॉजने, म्हणजे लॉजांच्या वरच्या मध्यवर्ती संस्थेने, सनद दिलेली सभासदांची मंडळी म्हणजे लॉज. ती भाड्याच्या बंगल्यात भरो, मेसच्या खोलीत भरो की स्वतःच्या हॉलमध्ये. मुंबईचेच उदाहरण घ्या. फोर्टमधला फ्रीमेसन्स हॉल १८९७ चा, पण ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही स्कॉटिश सनदेची लॉज १८४३ ची. मधे तब्बल ५४ वर्षे आहेत. या लॉजचा जन्मही एका नकारातून झाला. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थाला मुंबईच्या लॉजने प्रवेश नाकारला. त्याने पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. पुढे डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश मेसनच्या पुढाकाराने, हिंदी लोकांना घेता यावे म्हणून ही लॉज निघाली आणि माणकजी तिचे पहिले सेक्रेटरी झाले. हे सारे इतिवृत्तांत आणि सनदेच्या कागदांत आहे. भिंतीवरच्या दगडाला त्यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही.

एका लॉजला चार तारखा असतात. पहिली अर्जाची. नवी लॉज काढायची तर किमान सात मास्टर मेसनांनी (तिसरी पायरी गाठलेल्या पूर्ण सभासदांनी) सह्या करून अर्ज करायचा आणि त्याला जवळच्या एखाद्या चालू लॉजची शिफारस जोडायची. पहिला मास्टर (लॉजचा प्रमुख) आणि दोन वॉर्डन (त्याच्या खालचे पदाधिकारी) कोण असतील, त्यांची नावे तिथेच घालायची. दुसरी तारीख सनदेची. इंग्लिश पद्धतीत तिला वॉरंट म्हणतात, स्कॉटिश पद्धतीत चार्टर; ती लंडन, एडिंबरा किंवा डब्लिनहून निघे. तिसरी तारीख अभिषेकाची, म्हणजे कॉन्सिक्रेशनची : धान्य, द्राक्षासव आणि तेल वाहून लॉज विधिपूर्वक सुरू करतात आणि पहिल्या मास्टरला खुर्चीत बसवतात. चौथी तारीख इमारतीची, असलीच तर. ग्रँड लॉजच्या पटावर ज्येष्ठता ठरते ती दुसऱ्या तारखेवरून. म्हणून ‘स्थापना’ या शब्दापुढे एकच साल लिहायचे असेल तर ते सनदेचे लिहावे, आणि बाकीच्या तारखा त्यांच्या-त्यांच्या नावाने द्याव्यात.

यात एक खाच आहे. विलायतेहून सनद यायला वेळ लागे, म्हणून इथला प्रांतिक किंवा डिस्ट्रिक्ट ग्रँड मास्टर तात्पुरती परवानगी देई आणि लॉजचे काम सुरू होई. त्यामुळे इतिवृत्ताच्या वहीतली पहिली सभा सनदेच्या तारखेच्या आधीची निघू शकते. अशा वेळी वही खोटी ठरवायची गरज नाही आणि सनद तर नाहीच. पहिल्या सभेच्या नोंदीत ‘डिस्पेन्सेशन’, म्हणजे हीच तात्पुरती परवानगी, हा शब्द शोधावा. बहुधा तिथेच उलगडा होतो.

आता क्रमांकाचा घोळ. लॉजच्या नावापुढे आकडा असतो आणि त्यानंतर दोन अक्षरे : ई.सी., एस.सी. किंवा आय.सी. म्हणजे इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश कॉन्स्टिट्यूशन. ही अक्षरे गाळून नुसता आकडा छापला की शोध संपलाच, कारण तिन्ही पट वेगळे आहेत आणि एकच आकडा तिन्हींत वेगवेगळ्या लॉजचा असू शकतो. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने तर आपल्या लॉजांचे आकडे अनेकदा बदलले. शेवटचा बदल १८६३ चा. त्याआधीचा कागद हाती आला तर त्यावरचा आकडा आजच्या यादीत शोधू नये. पुढे २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, रामपूरचे नबाब मेजर जनरल रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर. ज्या लॉज तिच्यात गेल्या त्यांना भारतीय पटावरचा आकडा मिळाला. ज्या गेल्या नाहीत त्या आजही जुन्याच सनदेवर चालतात. म्हणून ‘१९६१ ची लॉज’ असे कुठे वाचलेत तर आधी विचारावे : जन्म १९६१ चा की नाव बदलून नवी नोंद १९६१ ची? लग्नानंतरच्या आधार कार्डावरून माहेरचा जन्मदाखला ठरवण्यासारखे आहे हे.

देवळालीसारख्या छावणीत आणखी एक सापळा आहे. पलटणींच्या लॉजांना फिरती सनद असे. आयर्लंडच्या ग्रँड लॉजने पहिली अशी सनद १७३२ मध्ये दिली आणि पुढे ही रीत साऱ्या साम्राज्यात पसरली. पलटण हलली की सनदेची पेटीही हले. तेव्हा छावणीतल्या एखाद्या निमंत्रणपत्रावर लॉजचे नाव दिसले म्हणून ती तिथेच जन्मली असे होत नाही. ती भलत्याच गावात सनद घेऊन आलेली आणि दोन वर्षांनी निघून गेलेली असू शकते. स्थायी लॉज आणि फिरती लॉज यांतला फरक सनदेच्या मजकुरात कळतो. स्थायी लॉजच्या सनदेत गावाचे नाव असते, पलटणीच्या सनदेत पलटणीचे.

कोनशिला निरुपयोगी आहे असे मात्र आमचे म्हणणे नाही. ती नीट वाचायला हवी. मेसन लोक ‘अ‍ॅनो ल्युसिस’ हा आपला शक वापरतात. इसवी सनात ४००० मिळवले की तो येतो. शिळेवर ए.एल. ५८९७ असे असेल तर ते १८९७. दगड झिजला असेल तर त्यावर खडू किंवा चुना फासू नये. संध्याकाळी एका बाजूने टॉर्च जवळजवळ दगडाला टेकवून धरावा आणि समोरून फोटो घ्यावा. सावलीत अक्षरे उठून येतात. ‘हा दगड अमुक लॉजच्या मास्टरने बसवला’ असे लिहिलेले असले म्हणजे ती इमारत लॉजचीच, असेही नाही. त्या काळी सार्वजनिक इमारतींच्या पायाभरणीला मेसन मंडळींना बोलावून त्यांच्या विधीने दगड बसवण्याची चाल होती. मेसनांचे गुण्या-कंपासाचे चिन्ह चर्चच्या आवारात, थडग्यावर, शाळेच्या भिंतीवरही सापडते.

हॉलमधल्या लाकडी फलकावर माजी मास्टरांची सोनेरी नावे असतात. तोही आरसा थोडा वाकडाच. फलक जीर्ण झाला की पेंटर नवा रंगवतो आणि जुन्या फलकावरून उतरवताना आकडे चुकतात. शिवाय डिसेंबरात खुर्चीवर बसलेल्या मास्टरपुढे काही ठिकाणी तेच साल, काही ठिकाणी पुढचे साल घालतात. एका वर्षाचा फरक इथूनच येतो. छातीवर लावायच्या चांदीच्या पदकामागे इंग्लिश हॉलमार्क असतो, त्यातल्या अक्षरावरून चांदी तपासल्याचे वर्ष निघते. पदक बर्मिंगहॅमला पारखले असेल तर शेजारी जहाजाच्या नांगराचे चिन्ह दिसते. पण ते पदकाचे वर्ष, लॉजचे नव्हे.

खरा पुरावा दोन वह्यांत असतो. एक इतिवृत्ताची, दुसरी दाराबाहेर बसणाऱ्या टायलरची, ज्यात आत जाणारा प्रत्येक जण स्वतः सही करतो. क्षेत्रोपाध्यांच्या नामावळीच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको : आलेल्याने आपल्या हाताने नाव-गाव लिहायचे, आणि तीच सही पुढे पिढ्यान् पिढ्यांचा दाखला होते. टायलरच्या वहीत पाहुण्याच्या नावापुढे त्याच्या लॉजचे नाव आणि आकडाही असतो, त्यामुळे त्याची आईलॉज, म्हणजे दीक्षा घेतलेली लॉज, कोणती होती हेही हाती लागते. काही लॉजांच्या नियमावलीत सभा ‘पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी’ ठेवलेली असे, रात्री टांग्याने घरी परतताना चांदणे मिळावे म्हणून. अशा लॉजची संशयास्पद तारीख असली तर जुने पंचांग काढून ताडून पाहता येते. अमावस्येच्या आसपास आली तर तारीख वाचण्यात चूक असण्याचा संभव आहे; उदाहरणार्थ १ आणि ७ यांची.

गुप्ततेबद्दल म्हणाल तर, दरवर्षी सभासदांची यादी ग्रँड लॉजकडे पाठवावी लागते. इंग्लंडच्या ग्रँड लॉजची १७५१ ते १९२१ पर्यंतची सभासद-पटावळ वंशावळ शोधणाऱ्यांच्या एका सशुल्क संकेतस्थळावर आहे : नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, दीक्षेची तारीख. आपल्या हौसिंग सोसायटीत इतकी टापटीप सापडली तर कळवावे. स्कॉटिश लॉजसाठी एडिंबराला आणि आयरिश लॉजसाठी डब्लिनला विचारावे लागते. लंडनच्या यादीत नाव नाही म्हणजे लॉज नव्हतीच, असा निष्कर्ष काढू नये.

सरकारी कागदांकडे वळायचे तर तीन गोष्टी. हॉल सार्वजनिक न्यासाच्या नावे असेल तर धर्मादाय आयुक्तालयातील नोंद कितीही जुनी निघाली तरी ती १९५० च्या कायद्यानंतरचीच असणार. ते न्यासनोंदणीचे साल. जागा छावणीच्या हद्दीत असेल तर सातबारा शोधत तलाठ्याकडे हेलपाटे घालू नयेत, तिथे जनरल लँड रजिस्टरचा उतारा लागतो. आणि १८८३ चे नाशिकचे गॅझेटियर जरूर चाळावे, पण त्यात उल्लेख नसणे हा पुरावा धरू नये.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या शाखेलाही लॉजच म्हणतात आणि तिच्या सनदेलाही सात सभासद लागतात. ती संस्था १८७५ ची न्यूयॉर्कची, १८७९ पासून मुंबईत, १८८२ पासून अड्यारला. फ्रीमेसनरीशी तिचा संघटना म्हणून संबंध नाही. दोन्हींचे फोटो एकाच मथळ्याखाली छापू नयेत, ही वृत्तपत्रांना वेगळी विनंती.

शंभरीचा दावा करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. इंग्लिश पद्धतीत शताब्दीची सनद मिळते ती अखंड शंभर वर्षे काम केल्याचे दाखवले तरच. महायुद्धाच्या काळात किंवा सभासद बदलीवर गेल्यामुळे काम बंद पडून सनद परत गेली असेल, आणि पुढे त्याच नावाने नव्या आकड्याची लॉज निघाली असेल, तर दोघींची वर्षे एकत्र मोजता येत नाहीत. नाव तेच आणि आकडा वेगळा दिसला की तिथे थांबून मधली वर्षे तपासावीत.

या वह्या कोणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत असतील तर त्या लॅमिनेट करू नयेत, फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नये. टेपचा गोंद पिवळा पडून शाई खातो. सनद पातळ कातडीवर (पार्चमेंटवर) असेल तर तिला इस्त्री किंवा ऊन दाखवू नये, ती आक्रसते. पावसाळ्यात वह्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. रद्दीत घालण्यापूर्वी निदान तीन फोटो घ्यावेत : पहिले पान, शेवटची नोंद, आणि मागच्या पुठ्ठ्याची आतली बाजू. तिथे बहुधा दुकानदाराची चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि वही कोणत्या गावात घेतली हे तिच्यावर छापलेले असते.

आपले,
जुन्या दप्तरांचे दोन अभ्यासक, नाशिक रोड