बापाचं नाव सात वेळा, बाप एकदाही नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत आइसलँडचा गायक आउसगेइर याच्या ‘इन द सायलेन्स’ या अल्बमवरचं टिपण वाचलं. अशा अल्बमवर मराठीत कुणी लिहितं याचाच आनंद मोठा. पण ‘शब्द त्याचेच, सूरही त्याचेच’ हे वाक्य खटकलं. चाली त्याच्या, गिटार त्याची, तो मऊ, उंच आवाज तर त्याचाच. शब्द मात्र बहुतेक गाण्यांचे त्याच्या वडिलांचे आहेत. आइनार गेओर्ग आइनार्सन हे कवी आहेत. मूळ अल्बम आला तेव्हा मुलगा वीस वर्षांचा होता आणि वडील सत्तरीचे.

मी ग्रंथालयात एकतीस वर्षं ध्वनिमुद्रिकांच्या नोंदी केल्या. कार्डावर गायक, संगीतकार, गीतकार असे तीन रकाने असत. अडायचं ते तिसऱ्यापाशीच. कव्हर उलटंपालटं करून, भिंग लावून नाव शोधायचं. तेव्हा हा माझा जुना आजार आहे असं समजा.

आपण ज्यावर लिहिलंत तो २०१३चा इंग्रजी अवतार. मूळ अल्बम २०१२ साली आइसलँडिक भाषेत आला, ‘दीर्द ई दॉयदाथोग्न’ या नावाने. तेव्हा सव्वातीन लाख वस्ती असलेल्या त्या देशात दहांतल्या एकाकडे तो असल्याचं बोललं जायचं. इंग्रजी शब्द जॉन ग्रँट या रेक्याविकमध्ये राहणाऱ्या अमेरिकन गायकाच्या मदतीने झाले. वाईट झाले असं मी म्हणणार नाही. चालीत अक्षरं बसवायची म्हणजे ओढाताण होणारच. पण ‘लेइन्दारमाउल’, म्हणजे गुपित, त्याचं इंग्रजीत ‘किंग अँड क्रॉस’ झालं. ‘नीफात्लिद रेग्न’, म्हणजे नुकताच पडलेला पाऊस, तो ‘टॉरेंट’ झाला. कुठे ओली माती आणि कुठे लोंढा!

शीर्षकाचंच घ्या. ‘दॉयदाथोग्न’ला आपल्याकडे नेमका शब्द आहे, स्मशानशांतता. ‘दीर्द’ म्हणजे तेज, वैभव. इंग्रजीत नुसती शांतता उरली. स्मशान गेलं, वैभवही गेलं. आणि ‘द’चा अनुप्रासही गेला. आइसलँडिक कवितेत अनुप्रास हा नटवेपणा नव्हे, जुन्या छंदाचा नियम आहे: पहिल्या ओळीत दोन अक्षरं जुळायची आणि त्यांचं तिसरं भावंड दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी यायचं. मी वहीत ‘स्मशानशांततेतली शोभा’ असं लिहून पाहिलं. अनुप्रास साधला, पण शोभा लग्नघरातली वाटते. कुणाला अधिक बरं सुचलं तर जरूर कळवावं.

आता मुख्य तक्रार. टिपणात गायकाचा उल्लेख आडनावासारखा ‘आइनार्सन’ असा केला आहे. ते आडनाव नाही. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतंच, टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाने लावत असत. ‘आइनार्सन’ म्हणजे आइनारचा मुलगा; वडीलही आइनार्सन, कारण आजोबाही आइनारच. मी मोजलं, हा उल्लेख सात वेळा आहे. म्हणजे बापाचं नाव सात वेळा छापून आलं आणि गाणी लिहिणारा बाप एकदाही आला नाही.

पुढच्या रविवारी ‘गीतं मुख्यतः आइनार गेओर्ग आइनार्सन यांची’ एवढी एक ओळ छापावी. जागा कमी पडली तर माझं हे पत्र कापा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल