उंदरांना किरणं का देतात? बाबांना पत्र

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, उंदरांना किरणं (एक्स-रेसारखी भेदक किरणं) देऊन साधतं काय? उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते.

पांढऱ्या उंदराच्या कुशीवर आम्ही काळ्या जातीच्या उंदराच्या कातडीचा नखाएवढा तुकडा बसवतो. आठवड्याने पट्टी काढली की तो गुलाबी, मऊ, छान धरलेला दिसतो. मग कडा सुजतात, रंग काळवंडतो आणि १०-१२ दिवसांच्या सुमारास त्याची कडक खपली होते. लिम्फोसाइट पेशींनी, म्हणजे शरीराचा बचाव करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींनी, त्याला परका ठरवलेलं असतं. त्याच जातीच्या उंदराची कातडी पुन्हा लावली तर आणखी लवकर झडते.

किरणांनी यातल्या बहुतेक पेशी काही तासांतच मरू लागतात. म्हणून कातडी लावण्याआधी साऱ्या अंगाला बेताचा डोस दिला तर तुकडा जास्त टिकतो. कायमचा मात्र नाही. उरलेली अस्थिमज्जा (हाडांतला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात) सावरते, नव्या पेशी येतात आणि पुन्हा तेच. शरीर परकी कातडी नाकारू लागल्यावर किरणं देऊन फारसं हाती लागत नाही, कारण एकदा चेतवलेल्या पेशी किरणांना सहजी दाद देत नाहीत. डोस वाढवावा तर मज्जाच मरते आणि उंदीर जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने दगावतो.

१९५५ मध्ये मेन आणि प्रेन या संशोधकांनी इथूनच वाट काढली. मला हा प्रयोग फार आवडतो. जीवघेणा डोस दिलेल्या उंदरांना त्यांनी परकी मज्जा देऊन जगवलं आणि मग त्या मज्जेशी जुळणारी परकी कातडी लावली. ती टिकली! बचाव करणाऱ्या पेशीच आता त्या मज्जेतून घडत होत्या, त्यांना ती आपलीच वाटली.

यातही धोका आहेच. मज्जेबरोबर आलेल्या टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) कधी उलट यजमानाच्याच आतड्यांवर, कातडीवर तुटून पडतात. माणसांत तर सुरुवातीला फार सोसावं लागलं. १९५९ मध्ये अमेरिकेत बोस्टनला सर्जन जोसेफ मरे यांनी किरणं देऊन एका रुग्णाला त्याच्या जुळ्या, पण हुबेहूब नसलेल्या भावाची किडनी बसवली. ती अनेक वर्षं चालली, पण किरणं दिलेले इतर बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. म्हणूनच कमी डोसमध्ये स्वतःची आणि परकी अशा दोन्ही मज्जा एकाच शरीरात नांदवता येतात का, हे शोधणं मला इतकं मोलाचं वाटतं.

आईला सांगा, कातडी लावताना उंदरांना पूर्ण भूल देतो, नंतर वेदनाशामकही देतो. तिला त्याचीच काळजी होती.

तुमची,
लेक