एकट्या पाहुण्याला दाराजवळची जागा

महोदय,

जुन्या धाटणीच्या चहागृहांचे कौतुक अलीकडे वारंवार वाचनात येते. मात्र तेथे एकट्याने गेलेल्या माणसाची कशी बोळवण होते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. एका दिवसाच्या सहलीत अशा ठिकाणी मी एकटी गेले असता, खिडकीजवळची दोन टेबले रिकामी असूनही मला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवण्यात आले आणि तीनमजली तबकातला फराळ ‘किमान दोघांसाठीच’ मिळेल, असे (अगदी हसतमुखाने) सांगण्यात आले.

वास्तविक लंडनमध्ये १८६४ साली एरेटेड ब्रेड कंपनीने चहागृह सुरू केले, तेव्हापासून पुरुषाच्या सोबतीवाचून आणि लोकांनी नावे न ठेवता स्त्रीला बसता येईल, अशा मोजक्या जागांत चहागृहांची गणना होऊ लागली. ग्लासगोत केट क्रॅन्स्टन यांनी १९०३ मध्ये उघडलेल्या विलो टी रूम्समध्ये तर स्त्रियांसाठी स्वतंत्र दालन होते आणि तेथील खुर्च्याही चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुविशारदाने आखल्या होत्या.

चहाविषयी माझी तक्रार नाही. किटलीवर विणलेली टोपी होती, गाळणी ठेवायला वेगळी वाटी होती आणि कपाच्या काठावरची सोनेरी रेघ, जिथे आजवर असंख्य ओठ टेकले असतील, नेमकी तिथेच पुसट झाली होती. एका माणसापुरती किटली ज्यांच्याकडे आहे, त्यांनी एका माणसापुरते तबकही ठेवावे आणि रिकामी खिडकी मागणाऱ्याला द्यावी, एवढीच विनंती आहे.

आपली,
एक वाचक