‘खुकरी’ला कायद्याचे संरक्षण हवे

महोदय,
९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने दीवजवळच्या समुद्रात भारतीय युद्धनौका ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. दीवला त्यांचे स्मारक आहे, पण त्यांची खरी समाधी समुद्राच्या तळाशी आहे.

ती सुरक्षित राहील हे गृहीत धरू नये. १९४२ मध्ये जावाच्या समुद्रात बुडालेल्या ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ या डच युद्धनौका २०१६ मध्ये पाण्यात बुड्या मारणाऱ्या शोधकांनी शोधल्या, तेव्हा तळाशी नुसते ठसे उरले होते. शेकडो खलाशांचे अवशेष ज्यात होते, ते पोलाद भंगारासाठी उचलून नेले होते. वाचून अंगावर काटा येतो.

बुडालेल्या युद्धनौकांच्या संरक्षणासाठी ब्रिटनने १९८६ मध्येच कायदा केला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे तो मुख्यतः त्यांच्याच नागरिकांना आणि जहाजांना लागू होतो, ही त्याची मर्यादा. ‘खुकरी’ही आपल्या किनाऱ्यापासून बारा मैलांच्या हद्दीबाहेरच आहे. म्हणून आपला कायदा हवाच, शिवाय इतर देशांशी करारही हवेत.

आमचे नागपूर समुद्रापासून दूर खरे. पण सीताबर्डीच्या किल्ल्यात १८१७ च्या लढाईत पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या कबरी आजही आहेत. परक्यांच्या कबरी आपण राखतो, मग आपल्या १९४ जणांसाठी विदर्भातील खासदारांनी संसदेत हा विषय मांडावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, महाल, नागपूर