चिनू तुमच्याजवळ असताना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

सोमवारपासून चिनू दिवसभर तुमच्याजवळ असेल. फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच काढते.

पहिली गोष्ट म्हणजे, तिला दिवसभर खेळवायचं नाहीये. सव्वादोन वर्षांच्या पोरांना खेळण्यांपेक्षा कामं प्यारी असतात. उचलणं, ओतणं, पुसणं, इकडचं तिकडे नेणं. एका गोष्टीत ती दहा मिनिटं रमली तरी पुष्कळ समजा. त्याला अपवाद पाण्याचा. तो खेळ नीट मांडून दिला, तर अर्धा तासही सहज जातो.

आई, मांडायचा तो न्हाणीघरात नाही. ओली फरशी आणि तुझे गुडघे, नकोच. जुनी सतरंजी चार पदरी घालायची, तिच्यावर परात, आणि परातीत चोच असलेलं लहान भांडं, दोन वाट्या आणि स्पंजचा तुकडा. स्पंज तिच्या मुठीएवढा हवा; बारीक तुकडा ती तोंडात घालेल. पाणी फक्त दीड पेला. जास्त घातलं तर भांडं जड होतं, तिचं मनगट वळत नाही, ती सगळं एकदम उपडं करते आणि दोन मिनिटांत खेळ आटोपतो. अर्ध्याहून कमी भरलं की ती जीभ बाहेर काढून, अगदी धार बघत ओतते. ओतून कंटाळली की स्पंज पुढे करायचा. एका वाटीत बुडवायचा, दुसरीत पिळायचा. सांडलं तर फडकं तिच्याच हातात द्यायचं. पुसणं तिला ओतण्याइतकंच आवडतं.

खेळ संपला की परात लगेच रिकामी करायची, बादलीही पालथी. पाच सेंटिमीटर पाण्यातही एवढं मूल बुडू शकतं आणि आवाजसुद्धा होत नाही. मधेच दाराची घंटा वाजली तर तिला कडेवर घेऊनच दार उघडा.

बाबा, तुमच्यासाठी बसल्या जागेवरचे उद्योग. तुम्ही खुर्चीत बसा आणि मोज्यांच्या पाच-सहा जोड्या सुट्या करून खोलीभर टाका. तिनं एकेक आणायचा, जोडी तुमच्या मांडीवर लावायची. रंग ठळक वेगळे घ्या. निळा आणि काळा तिला अजून सारखेच वाटतात आणि मग ती चिडते. दुसरं म्हणजे कागदी चिकटपट्टीची फरशीवर तीन-साडेतीन मीटरची रेघ. तिच्यावरून चालायचं, उड्या मारायच्या, गाडी न्यायची. पट्टी त्याच दिवशी काढा, नाहीतर डिंक फरशीला धरतो. आणि गच्चीच्या भिंतीला रंग द्यायचा असेल तर साधा ब्रश आणि वाटीभर पाणी पुरतं. भिंत वाळली की पुन्हा कोरी!

खेळणी मी मुद्दाम चार-पाचच पाठवते आहे, कमी पडतील असं वाटू देऊ नका. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा 4 खेळणी दिली, एकदा 16. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तुमच्याकडे जुनी निघालीच तर माळ्यावर ठेवा आणि दर आठवड्याला दोन बदला.

कणकेचा गोळा जमेल, पण मीठ जपून. दोन वाट्या पीठ, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल, पाऊण वाटी पाणी थोडं थोडं घालत. हाताला चिकटला तर कोरडं पीठ लावा, पाणी नको. मिठामुळे तो टिकतो, पण तेच मीठ पोटात गेलं तर लहान मुलाला बाधतं, आणि कच्चं पीठही पोटात जायला नको. तेव्हा ती तोंडात घालत असेल तोवर हा खेळ बंदच. कडधान्यांचे दाणेही देऊ नका. नाकात-कानात जातात आणि ओलाव्यानं फुगून बसतात.

खेळ थांबवताना “पाच मिनिटांनी” म्हणू नका, पाच मिनिटं म्हणजे काय ते तिला कळत नाही. “अजून दोनदा ओत, मग झालं” म्हणा, आणि दोनदा झाल्यावर खरंच थांबवा. बाबा, इथे तुम्ही विरघळता. तिसऱ्यांदा दिलंत की उद्या वीस वेळा मागेल.

टीव्हीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगते, कमी असेल तर उत्तम. माझ्या मते अर्धा पुरे, तोही संध्याकाळी. दुपारी ती झोपून उठली की तास-दीड तास किरकिर करतेच, तेव्हा टीव्ही लावायचा मोह होईल. पण त्या वेळी तिला बाहेर मोकळ्यावर न्या. दिवसभरात मिळून तीन तास हालचाल व्हायला हवी, त्यातली बरीचशी तिथेच होते. झोप चारच्या पुढे जाऊ देऊ नका, रात्र लांबते.

एक काम मात्र सोमवारच्या आधी. रिमोट, घड्याळ, वजनकाटा, जिथे म्हणून बटणासारखा चपटा सेल असेल तिथलं झाकण स्क्रूनं घट्ट करा, नसेल तर चिकटपट्टी गुंडाळा. तो सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजून निघू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

मोज्यांच्या जोड्या आणि चिकटपट्टी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घातली आहे. स्पंज तुमच्याकडचा चालेल, भांडी घासायचा मात्र नको; दुसरा नसेल तर नवा घ्या.

तुमची,
मनू