फ्लॅटला कर्ज मिळते, ओट्याला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सातारा जिल्ह्यात महिन्याच्या अखेरीस कोणत्या ना कोणत्या गावात निवृत्त होऊन आलेल्या जवानाची मिरवणूक निघते. सजवलेली जीप, हलगी, वेशीवर औक्षण आणि रात्री जेवणावळ असा तो थाट असतो. अलीकडे या मिरवणुकीत आणखी एक पाहुणा दिसू लागला आहे, तो म्हणजे तालुक्याच्या गावी इमारत उभारणाऱ्या बिल्डरचा माणूस. ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स, रजेचा पगार आणि कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम) मिळून जवानाच्या खात्यात किती रक्कम जमा झाली असेल, याचा अंदाज त्याला जवानाच्या घरच्यांपेक्षा चांगला असतो. मी स्वतः २६ वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून घरी आलो, तेव्हा हाराच्या फुलांबरोबर माझ्या हातात तीन माहितीपत्रकेही पडली होती. त्या अनुभवावरून, आणि त्यानंतर तालुक्यातल्या अनेक माजी सैनिकांची कर्जाची कागदपत्रे भरून देताना जे पाहिले त्यावरून, हे पत्र लिहीत आहे.

मला फ्लॅट घ्यायचा नव्हता. गावठाणात वडिलांनी बांधलेले दगडमातीचे, वर कौले असलेले चार खणांचे घर आहे आणि ते अजून खणखणीत उभे आहे. अडचण होती ती स्वयंपाकघराची. धुराने काळे पडलेले आढे, एका कोपऱ्यात चूल आणि वैल, दुसऱ्या कोपऱ्यात उघडी मोरी, आणि गॅस आल्यावर वडिलांनी चार विटांवर कडाप्पा टाकून केलेला जेमतेम २६ इंच उंचीचा ओटा. माझी पत्नी नऊ वर्षे माझ्याबरोबर फॅमिली क्वार्टरमध्ये राहिली आणि उरलेली सगळी वर्षे तिने याच ओट्यापुढे वाकून काढली. मी कायमचा घरी आल्यावर तिने एवढेच म्हटले, की क्वार्टरमध्ये निदान सिंक तरी होते.

म्हणून बँकेत गेलो. गाठीशी असलेली रक्कम मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवून स्वयंपाकघराच्या कामाला तीन लाखांचे कर्ज घ्यावे आणि ते पेन्शनमधून फेडावे, असा साधा हिशोब होता. बँकेने घराचा मालकीचा कागद मागितला. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे घर तारण धरता येईना, आणि तारण नाही म्हणून घरदुरुस्तीचे कर्जही मिळेना. समोरचे अधिकारी सज्जन होते. ते म्हणाले, ‘‘हवालदारसाहेब, साताऱ्यात फ्लॅट बघा, तुमच्या पेन्शनवर वीस लाख आठवड्यात मंजूर करतो.’’ ज्याला तीन लाख हवे आहेत त्याला वीस लाख देण्याची तयारी आहे, पण तीन लाख देण्याची सोय नाही, हे गणित मला तेव्हाही कळले नाही आणि आजही कळलेले नाही.

सगळी व्यवस्थाच घर विकत घेणाऱ्याकडे तोंड करून उभी आहे, असे पुढे लक्षात आले. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी राखीव कोटा आहे. १९७८ साली स्थापन झालेली आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन ना नफा ना तोटा तत्त्वावर घरे बांधते, पण तिचे प्रकल्प शहरांत आहेत. नोकरीत असेपर्यंत आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडातून घरासाठी कर्ज मिळते. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून युद्धात अपंगत्व आलेल्यांना आणि वीरपत्नींना गृहकर्जाच्या व्याजापैकी निम्मी रक्कम, कमाल एक लाख रुपयांपर्यंत, परत मिळते, आणि ते योग्यच आहे. दुरुस्तीसाठी त्याच बोर्डाचे अनुदान आहे ते २० हजारांचे, आणि तेही शंभर टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांना व माजी सैनिकांच्या अनाथ मुलींना. ते त्यांचेच राहावे. धडधाकट हवालदाराने त्यात वाटा मागणे मला शोभणार नाही. आयकराच्या जुन्या रचनेतही हाच कल दिसतो. राहते घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर मात्र फक्त ३० हजार. आमच्यासारख्या पेन्शनवाल्याला कर तसा फारसा लागत नाही, पण कायद्याची नजर कुठे आहे ते यावरून समजते.

फ्लॅट घेणाऱ्यांची स्थिती तरी फार बरी आहे असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते, आणि घर दहा लाखांहून महाग असेल तर स्टॅम्प ड्युटी व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. म्हणजे उरलेला हिस्सा, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि वकिलाची फी हे सगळे पदरचे. इथे कम्युटेशनचे, म्हणजे कागदोपत्री ज्याला निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण म्हणतात त्याचे पैसे जातात. सैनिकाला मूळ पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकता येतो. समजा मूळ पेन्शन २४ हजार आहे आणि १२ हजार विकले. पंचेचाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होणाऱ्याला साधारण नऊ वर्षांच्या पटीने, म्हणजे १३ लाखांच्या आसपास रक्कम एकदम मिळते, आणि विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होईपर्यंत एकूण २१ लाख ६० हजार कापले जातात. व्याजाच्या भाषेत हा दर साडेसात टक्क्यांच्या जवळपास पडतो, महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळत राहतो, आणि मधल्या काळात काही बरेवाईट झाले तर पत्नीच्या कौटुंबिक पेन्शनला धक्का लागत नाही. तेव्हा कम्युटेशन म्हणजे फसवणूक, असे जे पारावर बोलले जाते ते खरे नाही.

खरी अडचण वेगळी आहे. कम्युटेशननंतर हातात येणारी पेन्शन घटते आणि बँक हप्ता ठरवते तो या घटलेल्या पेन्शनवरून. २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर महिना १९ हजार ७०० रुपयांच्या आसपास हप्ता बसतो. तो फेडण्यासाठी मग गडी सिक्युरिटीची रात्रपाळी धरतो. सगळी पुंजी ताब्याच्या दिवसापर्यंत संपलेली असते, आणि ताबा मिळतो तेव्हा स्वयंपाकघरात एक उघडा ओटा, एक सिंक आणि भिंतीतून बाहेर आलेल्या वायरी असतात. ट्रॉल्या, कप्पे, मिक्सर-फ्रीजचे पॉइंट, चिमणी हे सारे मग हप्त्यावर किंवा क्रेडिट कार्डावर येते. माझ्या ओळखीच्या एका नायब सुभेदारांच्या नव्या फ्लॅटमध्ये आज दीड वर्षानंतरही डबे जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून ठेवलेले आहेत. म्हणून मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो, की स्वयंपाकघराचे पैसे बुकिंगच्या आधी बाजूला काढा. शिवाय जमत असेल तर घर एकट्या पत्नीच्या नावावर घ्या, स्टॅम्प ड्युटीत एक टक्का वाचतो. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर ती सवलत नाही, हे बहुतेकांना सही झाल्यावर कळते.

माझे काम शेवटी झाले. पेन्शनवर वैयक्तिक कर्ज काढले, गृहकर्जापेक्षा जवळजवळ तीन टक्के जास्त व्याजाने. गवंड्याने पत्नीला उभे केले, कोपर काटकोनात धरायला लावले आणि त्याखाली चार बोटे सोडून खूण केली. ओट्याची उंची ३३ इंच आली. सिलिंडरसाठी ओट्याखाली बंद कपाट न करता जाळीची मोकळी जागा ठेवली, शेगडी सिलिंडरच्या वर राहील हे पाहिले, मिक्सर आणि फ्रीजला अर्थिंगसह वेगळी लाइन आणि स्वतंत्र एमसीबी दिला. प्लायच्या ट्रॉल्यांचा मोह मात्र टाळला, कारण मातीच्या भिंतीला ओल आणि वाळवी दोन्ही येतात. कडाप्प्याचेच कप्पे घातले. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडले. आईची चूल मागच्या पडवीत हलवली, कारण गॅसवरची भाकरी तिला मान्य नाही आणि त्यावर वाद घालण्याची माझी हिंमत नाही. सगळा खर्च २ लाख ८० हजारांच्या आत बसला.

आता मागणीचे. गावठाणातल्या घराला मालकीचा कागद नाही, ही सबब यापुढे टिकू नये. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी राज्याने ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला, २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने तशाच मोजणीवर आधारलेली स्वामित्व योजना जाहीर केली आणि आता गावोगावी घराच्या मालकीचा कागद, म्हणजे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मिळू लागल्या आहेत. ही पत्रिका दाखवून कर्ज मिळावे, हा त्या योजनेच्या हेतूंपैकीच एक आहे. तेव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, बैठकीत एवढा एकच विषय मांडावा, की ज्या माजी सैनिकाकडे मिळकत पत्रिका आहे आणि ज्याची पेन्शन त्याच बँकेत जमा होते, त्याला तीन ते पाच लाखांचे दुरुस्ती-कर्ज गृहकर्जाच्याच दराने मिळावे. पेन्शनइतके खात्रीचे उत्पन्न बँकेला दुसऱ्या कुणाकडे सापडणार आहे? आणि निवृत्तीपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाचे जे अभ्यासक्रम होतात, त्यांत सुरक्षा रक्षकाच्या प्रशिक्षणाबरोबर एक दिवस कम्युटेशन, हप्ता आणि घराच्या कागदपत्रांसाठी ठेवावा; शक्य असेल तर त्या दिवशी पत्नीलाही बोलवावे, कारण ओट्याची उंची तिला माहीत असते.

या महिनाअखेरीस आमच्या गावात दोघे जण निवृत्त होऊन येत आहेत. एकाने बुकिंगचे टोकन सुट्टीवर आला असतानाच भरले आहे. दुसऱ्याच्या आईने, स्वयंपाकघराची मागची भिंत किती मागे सरकवता येईल हे पाहायला, मला रविवारी बोलावले आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार, जि. सातारा