बाबा, विहिरीच्या गटाचा निकाल तहसिलात लागणार नाही

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे काकांच्या बाजूने निकाल लागला, फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावबदलाची नोंद, त्यांच्याच नावावर कायम झाला, हे आईने सांगितलं. बाबा, आता तुम्ही आयुक्तांकडे जायचं म्हणताय. पण विहिरीचा गट, म्हणजे आपली विहीर असलेली जमीन, कुणाचा, याचं उत्तर त्या दारात मिळणारच नाही. फोनवर हा विषय निघाला की तुमचा आवाज चढतो आणि मला रडू येतं, म्हणून लिहितेय.

मी इथे वकिलांकडे दिवसभर टायटल सर्चचंच, म्हणजे जुन्या कागदांवरून जमिनीची मालकी तपासायचं काम करते. जुने सातबारे, फेरफार, नोंदवलेल्या खरेदीविक्रीचे उतारे. आपला तो फेरफारही मी तितक्याच बारकाईने वाचला. त्यात एवढंच लिहिलंय: "वाटणीपत्रावरून नोंद केली असे." ते वाटणीपत्र साध्या कागदावरचं, नोंदणी नसलेलं, आणि त्यावर आत्याची सही नाही. हे वाटणीपत्र खरं की खोटं, हिस्सा कुणाचा किती, हे महसूल अधिकारी ठरवत नाहीत. तलाठी नोंद लिहितो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि वर प्रांतांपासून (उपविभागीय अधिकाऱ्यांपासून) आयुक्तांपर्यंत सगळे नोंद रीतसर झाली का एवढंच बघतात. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, आणि मालकीच्या बाबतीत ते उलट सिद्ध करायचं दिवाणी कोर्टात. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये सावर्णी विरुद्ध इंदर कौर या खटल्यात सांगितलं, २०२१ मध्ये जितेंद्र सिंह यांच्या प्रकरणात पुन्हा बजावलं. म्हणून काका गावभर "जिंकलो" म्हणत फिरले तरी मनाला लावून घेऊ नका. प्रांतांनी आपल्या बाजूने निकाल दिला तेव्हाही आपण मालकी जिंकलो नव्हतो.

आयुक्तांकडे काय करायचं ते मुदत बघून वकील ठरवतील. पण वाटप आणि मालकीचा दावा आता थांबवून ठेवू नका. नुसता मालकी जाहीर करून मागण्याचा दावा असेल तर हक्क नाकारला गेल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. वाटपाच्या दाव्याला मुदत जास्त आहे, तरी तहसिलाच्या फेऱ्यांत गेलेला वेळ कोर्ट आपोआप वजा करून देत नाही. दाव्यासोबतच काकांनी गट विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज द्यायचा, आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची.

काका पुण्यात राहतात आणि मीही पुण्यात, तर दावा इथेच लावू, असं आई म्हणत होती. आई, तसं होत नाही गं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ सांगतं, जमीन जिथे तिथलंच कोर्ट. आपलं म्हणजे तालुक्याचं. मला यावं लागेल, मी येईन. उद्या हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा हिस्से ठरवणारा आदेश, झाला तरी सरकारला सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी कोर्ट करत नाही, ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि मोजणी होते. म्हणजे तहसिलात परत जायचंच आहे, पण तेव्हा हातात हुकूमनामा असेल.

वरच्या शेताचं मात्र वेगळं आहे. तिथे कसणारा माणूस स्वतःला कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कायदेशीर हक्काने कसणारा, म्हणवतो. तो कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्टाला ठरवता येत नाही. कूळकायद्याच्या कलम ८५ ने तो अधिकार काढून घेतलाय, कोर्टाला तो मुद्दा तहसीलदारांकडेच पाठवावा लागतो. म्हणून वरचं शेत आणि विहिरीचा गट यांची भांडणं एकत्र करू नका, विहिरीचा निकाल उगीच अडकून पडेल. बांधावरचा रस्ता काकांनी अडवलाय, त्याचा अर्जही तहसीलदारांकडेच, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली, अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. तो याच आठवड्यात द्या.

आता जे लिहिते ते तुम्हाला आवडणार नाही, बाबा. आत्याला दाव्यात घ्यावंच लागेल. "तिने तोंडी सोडलंय" हे कोर्टात टिकत नाही, हक्क सोडल्याचं पत्र नोंदवलेलं लागतं. जमीन वडिलोपार्जित ठरो नाहीतर आजोबांची स्वकष्टाची, तिचा हिस्सा दोन्हीकडून निघतो. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासूनचा धरलाय, आणि निव्वळ तोंडी वाटणी सहजासहजी मान्य करायची नाही असं म्हटलंय. काकांच्या त्या कागदाला त्यानेही धक्का बसतो. पण फायद्याचं आहे म्हणून मी हे सांगत नाहीये. काकांनी आपल्याला वगळलं म्हणून आपण भांडतोय, मग आपणच आत्याला कसं वगळायचं? कुणी तिच्याशी बोलायला तयार नसेल तर मी बोलते.

आई, ट्रंकेतली आजोबांची खरेदीखतं आणि जुने सातबारे काढून ठेव, लॅमिनेट करू नकोस. वकील १९५० च्या आसपासपासूनचे सगळे फेरफार मागतील. जे घरात नाहीत त्यांच्या नकला तहसिलाच्या अभिलेख कक्षातून काढाव्या लागतील. शनिवारी येते, सोमवारी आपण तिघे मिळून वकिलांकडे जाऊ. वकालतनाम्यावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, बाबांची सही लागेल.

तुमची,
ताई